भट्टीवर आलेलं मीटर

आलुबुखाराची पिंपं घेऊन आम्ही पाचजण रादिसावकाकांच्या भट्टीवर नंबर लावून बसलो होतो. माझ्यापुढे मिलुन्का होती. तिची राकिया, म्हणजे आलुबुखाराची दारू, नळीतून गळायला लागली होती.

“काका, माझा मुलगा ओग्न्येन व्हिएन्नाहून सांगत होता, सर्बिया युरोपीय संघात गेला की ही भट्टी बंद होणार.”

“तो शाळेत होता, तेव्हाही आपण जाणारच होतो.”

“आपली तयारीच नाही म्हणे. सगळं अंदाजपंचे चालतं.”

“अंदाजपंचे? मी?”

“तो म्हणतो, मी नव्हे! त्यानं हे काचेचं मीटर पाठवलंय. दारूत सोडलं की किती कडक ते आकड्यात सांगतं. तिकडे यावरच सगळं चालतं.”

“आण ती बाटली. ही बघ, हलवली. बुडबुडे काठाला माळ धरून बसलेत, फुटत नाहीत. पन्नास टक्के आहे. लिहून घे.”

“आधी मीटर सोडते.”

“सोड की! चाळीस वर्षं भट्टी लावतोय, काचेच्या नळीला घाबरू होय?”

“थांबा, अजून हलतंय.”

“किती?”

“पन्नास.”

“चष्मा लाव.”

“लावलाय. पन्नासच! म्हणजे काका, आपली तयारी झाली म्हणायची?”

“आपली होतीच गं. ओग्न्येनला कळव, त्यांचं मीटर काकांनी तपासलं, बरोबर दाखवतंय. आता खुशाल आमच्यात या म्हणावं.”