टॉवेल-टोपीचा आख्खा लॉट

…आन् परका असता तर सोडून दिलं असतं हो, पण सख्ख्या बहिणीचा नवरा! प्रभुदाजी. सोलापुरात त्यांचं होलसेलचं गोडाऊन, मंद्रूपला माझं कापडाचं दुकान, आन् आमच्याकडं लग्नात पावण्याला टॉवेल-टोपीचा आहेर केल्याबिगर मांडव हालत न्हाय, त्याच्यावर तर माझं दुकान चालतं! तर दिवाळीनंतर दाजी आले, च्या पिऊन दुकानातल्या गादीवर लवंडले आन् म्हणतात कसं, 'गुरुलिंग, यंदा लग्नाच्या तिथी लई हायत. आख्खा लॉट उचल की. रोख दिलास तर शेकड्याला आठ सोडतो, म्हणजे इकायच्या आधीच नफा. तू माझा म्हणून हां, दुसऱ्याला दिला नसता.' तू माझा म्हणून! मी बँकेचं कर्ज काढलं, होती न्हवती ती शिल्लक घातली आन् टेम्पो भरून माल आणला. कपाटात टॉवेल, माळ्यावर टॉवेल, घरात पलंगाखाली टोप्या. दाजी जाताना म्हणले, 'माल फिरला की पैसा फिरतो.'

फिरतो की. टेम्पो फिरला, पैसा दाजीकडं फिरला, माझा मालच तेवढा फिरंना.

तिथ्या यायला लागल्या, गिऱ्हाईक येईना. बँकेचं व्याज मात्र येतंय, त्याला कुठली तिथी लागतीया? बायको म्हणली, 'अवो, आठ टक्के सुटले सुटले म्हणून नाचत व्हता, ते व्याजानं कवाच खाल्ले. आता पदरचं खातंय.' आन् बाजारच्या दिवशी श्रीदेवीबाई आल्या, 'अण्णा, पोरींना लेगिंग दावा.' म्हणलं लेगिंग संपल्यात, टॉवेल दावू? 'परकर?' परकरबी संपलेत. 'ब्लाउजपीस तरी?' आता नवा माल भरायला पैसा आणू कुठनं, पैशाच्या तर घड्या घालून माळ्यावर ठेवल्यात! बाई म्हणली, 'मी आंघोळ करूनच आलेय घरनं,' आन् गेली समोरच्या दुकानात. येताना पिशवी भरलेली, वर माझ्याकडं बघून हसलीबी. इकणारा माल माझ्याकडं न्हाय, आन् हाय तो माल फिरंना…

शेवटी धोंडप्पाच्या पोराचं लग्न ठरलं. आमचं जुनं गिऱ्हाईक, म्हणलं हा तर नेईलच. तर धोंडप्पा म्हणतो, 'आहेर? ते समाजानं बंद केलंय की. फुकटचा खर्च वाचावा म्हणून दसऱ्यालाच सोलापुरात ठराव झाला.' म्हणलं, मांडला कुणी ठराव? 'कुणी म्हणजे? तुमच्या दाजीनंच. लई झकास बोलले, टाळ्या पडल्या.'

तुमाला सांगतो, मी तिथंच बोटावर दिवस मोजले. दसऱ्याला ठराव, आन् दिवाळीनंतर माझ्या गळ्यात लॉट! फोन लावला. तर दाजी अगदी शांत. 'गुरुलिंग, समाजाचं काम येगळं, धंदा येगळा. आन् ठेव की, माल काय नासतोय व्हय?' नासत न्हाय हो, तेच तर दुखणं हाय, नासला असता तर फेकून तरी दिला असता! माल हाय तसा हाय, दुकान नासायला लागलंय. आन् खरं सांगू? पैसा गेला त्याचं एवढं न्हाय वाटत. ते 'तू माझा म्हणून' काळजात रुतलंय.

परवा त्यांच्याच पोरीचं लग्न, म्हणजे माझ्या भाचीचं. जाणारच न्हवतो. पण मामाच न्हाय म्हणल्यावर पोरीला बोहल्यावर नेणार कोण, तिचा काय दोष? गेलो. पत्रिकेवर ठळक छापलंय, आहेर बंद. आन् भर मांडवात दाजीनं माईक घेतला, 'आहेर बंद हाय मंडळी, पण मामाचा मान बंद करून कसं चालंल?' मला पुढं बोलावलं, डोक्यावर टोपी ठेवली, खांद्यावर टॉवेल टाकला. टाळ्या! मी हळूच काठ बघितला… तोच लॉट.

भाचीच्या डोक्यावर हात ठेवला, जेवलो, मंद्रूपला आलो, दुकान उघडलं, त्या टॉवेलची नीट घडी घातली आन् माळ्यावर ठेवून दिली.

फिरला हो एकदाचा माल. फिरून माझ्याकडंच आला.