अकरा नंबरची दोरी

जबाब

नाव : साक्षीदाराच्या सुरक्षेसाठी वेगळ्या पाकिटात मोहोरबंद. संस्थेत सगळे 'दोरीआजी' म्हणत.
वय : कागदावर सदुसष्ट. साक्षीदाराच्या म्हणण्यानुसार एखादं वर्ष इकडेतिकडे.
शिक्षण : दुसरी. आकडे वाचता येतात, सही करता येते.
धंदा : शिवणकाम. सध्या लेकीचे बाळंतपण.
पत्ता : लेक व जावई यांचे घर, बसच्या शेवटच्या थांब्यासमोर, तिसरा मजला. मूळ पत्ता परदेशी.
दुभाषी : साक्षीदाराची लेक.

समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगते की, मी वरील पत्त्यावर चार महिन्यांपासून राहते. मी या देशातली नाही. माझी एकुलती एक लेक इथे नोकरीला आहे, तिच्या बाळंतपणासाठी मी विमानात बसून आले. माझा राहण्याचा परवाना पाहुणीचा, सहा महिन्यांचा आहे. मला नातू झाला आहे. जन्मला तेव्हा अडीच वीत लांब होता आणि जावळ एवढं की टोपी डोक्यावर बसेना. (नातवाविषयी पुढे सांगितलेला मजकूर विषयाशी संबंध नसल्याने घेतलेला नाही.)

लेकीचे दिवस भरायला वेळ होता. मी दिवसभर खिडकीत बसून बस मोजायची. लेक म्हणाली, "आई, तू अशी बसून राहिलीस तर माझ्याआधी तुलाच दवाखान्यात न्यावं लागेल." तिने चौकशी करून मला अनाथ मुलांच्या एका संस्थेत नेले. ती इमारत बसने वीस मिनिटांवर आहे. दुमजली, पिवळी, फाटकाला आतून कुलूप. तिथे चोवीस मुले होती. त्यांना एकसारखे कपडे शिवायचे होते आणि कापडाचा तागा कुणीतरी देऊन टाकला होता, हिरव्या चौकटींचा. मला स्वयंसेविका म्हणून घेतले. गळ्यात माझ्या फोटोचे कार्ड घातले. जन्मात पहिल्यांदा कुणी माझ्या गळ्यात फोटो घातला, तोही मी जिवंत असताना. मी ते कार्ड घरी जेवतानासुद्धा काढत नसे. जावई हसायचे.

संस्था चालवणाऱ्या मोठ्या बाईंना माझी भाषा बरी येते. लहानपणी शेजार आमच्याकडच्या माणसांचा होता, असे त्यांनी सांगितले. परक्या मुलखात आपली भाषा बोलणारं कुणी भेटलं की माणूस विरघळतं, साहेब. मी विरघळले. त्यांनी मला सांगितले की प्रत्येक मुलाला एक नंबर आहे आणि प्रत्येक नंबरला दूरदेशी एक पालक आहे, त्याला मुलाचा फोटो आणि ख्यालीखुशाली जाते. म्हणून कपड्याच्या कॉलरला आतून नंबर शिवायचा. मला ते फार चांगले वाटले.

मी माप टेपने घेत नाही. एका मुलाला एक दोरी. एका टोकापासून धरायचे आणि खांद्याला, बाहीला, छातीला, उंचीला एकेक गाठ मारायची. टोकाला चिंधी आणि चिंधीवर नंबर. चाळीस वर्षे मी शाळेचे गणवेश असेच शिवले. चोवीस मुलांच्या चोवीस दोऱ्या मी पहिल्याच आठवड्यात केल्या.

अकरा नंबरची मुलगी नऊ-दहा वर्षांची होती. तिचा डावा खांदा उजव्यापेक्षा बोटभर उतरता. माझी नजर आता सुईच्या नेढ्याला पुरत नाही, तर ती न सांगता शेजारी येऊन बसायची आणि सुई ओवून द्यायची. मी तिला ओवणी म्हणायची. ती मला इथली भाषा शिकवायची, मला तीसेक शब्द येतात, ते तिचेच. मी 'कात्री' म्हटले की ती पोट धरून हसायची. काय चुकते ते अजून कळलेले नाही. एक दिवस मी चहाला उठले आणि परत येऊन पाहते तर तिने बाहीला टीप घालून ठेवलेली. हातटीप, मुंगीच्या पायासारखी बारीक. मी म्हटले, "वा गं माझी वाघीण!" आणि गालगुच्चा घेतला. तिने 'आई' हा शब्द उच्चारला आणि पाय मशीनवर हलतात तसे हलवून दाखवले. मला वाटले, पोरकी पोरं आई रचतात मनाने. अनाथ पोरीला टीप कुणी शिकवली, हे मी तेव्हाच विचारायला हवे होते. शिवणारी बाई मी. मला ते कळायला हवे होते.

तीन आठवड्यांनी लेक बाळंत झाली. त्यानंतर पाच आठवडे मी संस्थेत गेले नाही. कपडे घरीच शिवले. ज्या दिवशी बाळ घरी आले त्या दिवशी त्याचे माप घ्यायला हाताशी अकरा नंबरचीच दोरी होती. बाही आणि छातीच्या गाठींच्या मधे मी त्याची दुहेरी गाठ मारली. हौस होती. मग ती दोरी पाळण्याच्या दांडीला लटकवली आणि तिथेच राहिली.

पाच आठवड्यांनी, मंगळवारी, सकाळी साडेदहा वाजता मी शिवलेले कपडे घेऊन संस्थेत गेले. ओवणी दिसली नाही. मोठ्या बाई म्हणाल्या, "तिची मावशी आली होती, घेऊन गेली." मला आनंद झाला. खरेच सांगते, मी हात जोडले, पोरीला तिचं माणूस मिळालं म्हणून. मग मुले ओळीने उभी करून कपडे घालून पाहिले. अकरा नंबर पुकारला तर दुसरीच मुलगी पुढे आली. सहा-सात वर्षांची. फ्रॉक तिच्या घोट्यापर्यंत आला. मी तिला इथल्या भाषेत नाव विचारले. तिने आधी दाराकडे पाहिले, मग म्हणाली, "अकरा." तिचे हात मी हातात घेतले. तळवे पोरीचे, पण बोटांची टोके झिजून पांढरी झालेली, जन्मभर दुसऱ्यांची भांडी घासलेल्या बाईची असतात तशी.

असे पाच मुलांचे झाले. पाचही जणांना कपडे ढगळ. मी पहिल्या आठवड्यात सगळ्यांना एकेकदाच मापाला उभे केले होते, बाकीचे चेहरे मला पाठ नव्हते. बाई हसून म्हणाल्या, "आजी, वय झालं आता. पाच चुकले तुमचे."

"चुकले? बाई, चाळीस वर्षांत माझा एक गणवेश परत आला नाही."

"मग मुलं आटली म्हणा."

"आटतात ते कपडे. पोरं आटत नाहीत."

त्या हसल्या, मीही हसले. पाच कपडे पिशवीत घालून घरी आणले आणि आत घेतले. शिवताना मी चार बोटे माया सोडतेच, पोरं वाढतात म्हणून. त्या पाचात मला उलटे करावे लागले. ओवणीच्या फ्रॉकची उंची मी माझ्या हाताने वीतभर कमी केली. तेव्हा माझ्या मनात मुलांचा विचार नव्हता. माझे माप चुकले म्हणाल्या, तेच टोचत होते.

म्हणून पुढच्या शुक्रवारी मी दोऱ्या घेऊन गेले. त्या पाच मुलांची नवी मापे घेतली आणि नवी दोरी जुनीशेजारी ठेवून बाईंच्या टेबलावर मांडली. म्हटले, "बघा आता कोण चुकलं." अकराची जुनी दोरी तेवढी नव्हती, ती पाळण्याला होती. बाईंनी एकेक चिंधी वाचली. मग चहा मागवला. माझ्या कपात दोन चमचे साखर स्वतः घातली.

"आजी, या दोऱ्या आणखी कुणाला दाखवल्या?"

"कुणाला दाखवू? घरात लंगोट वाळवायला दोरी पुरत नाही, या बघायला वेळ कुणाला आहे?"

"आणि अकराची?"

मी म्हटले, हरवली. ते खोटे होते. तिच्यावर नातवाचं पहिलं माप होतं, द्यायला जीव होईना. तिथल्या कुणाशी मी तेवढं एकच खोटं बोलले आणि आज तेवढंच कामाला आलं. बाकी सगळ्या दोऱ्या त्यांनी फाइलला लावते म्हणून ठेवून घेतल्या. मी आभार मानले.

सोमवारी गेले तर पाच खाटांवरच्या गाद्या गुंडाळलेल्या होत्या. बाई म्हणाल्या, ती मुले सहलीला गेली. मग म्हणाल्या, "तुम्ही दमलात आजी. आता घरीच शिवा." आणि माझ्या गळ्यातले कार्ड काढून घेतले. कार्डाचे मला वाईट वाटले. बसमध्ये बसेपर्यंत मला कार्डाचेच वाईट वाटत होते. मग त्या लहान अकराची बोटे आठवली आणि लक्षात आले की पाचांची ओळ मीच टेबलावर मांडून दिली होती, एकेकाचा नंबर चिंधीवर लिहून.

मी त्याच संध्याकाळी लेकीला सगळे सांगितले. लेक बाळाला पाजत होती. ती म्हणाली, "आई, तुझा परवाना पाहुणीचा, माझा नोकरीचा. उद्या कुणी उलटलं तर इथे आपलं कोण आहे? गप्प बस. गेली असतील आपापल्या घरी." तिचा मला राग आला नाही. कुणीतरी गप्प बसायला सांगितले म्हणून मला बरे वाटले, हेही लिहा. तिला बोल लावू नका. मी एकोणीस दिवस गप्प बसले. त्या एकोणीस दिवसांत नातू मान धरायला लागला, हसायला लागला, मी हाका मारून शेजाऱ्यांना बोलावत होते. पाळण्यावर दोरी हलायची. त्याला तिच्याकडे बघायला आवडते.

काल दुपारी संस्थेतून कापड आणि एक कागद आला. कागदावर चोवीस नंबरांची मापे इथल्या लिपीत लिहिलेली. मी दोरी टेपवर धरली आणि जावयांना अकरा नंबर वाचायला सांगितला. उंची ओवणीपेक्षा अर्धी वीत कमी आणि लहान अकरापेक्षा अर्धी वीत जास्त. म्हणजे ही तिसरी. जावई कागद खाली ठेवून म्हणाले, "दूरच्या पालकाला नंबर रिकामा दिसायला नको, एवढंच त्यांना हवं असेल. नंबर तोच, मूल दुसरं." मी कात्री घेतली होती. कापड कापवेना. तो कागद सोबत देत आहे.

आज सकाळी सव्वासात वाजता, घरात सगळे झोपलेले असताना, मी पाळण्याची दोरी काढून बसने इथे चौकीवर आले. तीस शब्दांत जमेल तेवढे सांगितले: पोर, मोठी, नाही, पोर, लहान. टेबलामागच्या शिपायाला वाटले माझा नातू हरवला. त्याने मला पाणी दिले, चार जागी फोन केले, स्वतः रस्त्यावर जाऊन बघून आला. भला माणूस. तासाभराने लेक बाळाला कडेवर घेऊन मला शोधत दारात आली, तर तो टाळ्या वाजवायला लागला, सापडलं म्हणून. मी रडायला लागले तर त्याला वाटले आनंदाने.

ओवणी कुठे आहे ते मला माहीत नाही. तिच्यासारखे आणखी चार कोण होते, त्यांच्या दोऱ्या माझ्याकडे नाहीत. नंतरची पाच कुठे नेली तेही माहीत नाही. पण ती शुक्रवार आणि सोमवारच्या मधे नेली हे मला सांगता येते, कारण त्या शुक्रवारी मी तिथे चहा पिऊन आले होते.

अकरा नंबरची दोरी पुरावा म्हणून जमा करत आहे. ती कापू नये. लेक म्हणते बाळाच्या गाठीपुरता तुकडा मागून घेऊ, पण मधेच कापली तर पुढची मापे जातील. बाळाला आम्ही दुसरी करू. ओवणीचे माप घेऊन तीनेक महिने झाले, तेव्हा बाही बोटभर वाढली असेल, दोरीला तंतोतंत भरली नाही तर ती नव्हे असे समजू नये. खांदा बघावा, तो बदलत नाही.

आणखी एक. आपण सगळे सुई धरून दोरा तिच्यात घालतो. ओवणी दोरा घट्ट धरते आणि सुई त्याच्यावर आणते. असं ओवायला चिमुकलं पोर स्वतःहून शिकत नाही, हे कुणाच्या तरी मांडीवर बसून बघितलेलं असतं. ती सापडली आणि कुणी मावशी, कुणी काकू न्यायला आली, तर कागद मागाल ते मागा, कागद मी खूप बघितले. पण आधी त्या बाईच्या हातात सुईदोरा द्या. जी बाई सुई दोऱ्यावर आणील, तिच्याकडेच पोर द्या.

हा जबाब मी सांगितला तसा लिहिला गेला आहे, कुणाच्या दबावाने दिलेला नाही. माझ्या लेकीने तो मला माझ्या भाषेत दोन वेळा वाचून दाखवला. पहिल्या वेळी त्यातले तिचे स्वतःचे बोलणे तिने वाचले नाही. दुसऱ्या वेळी वाचले. बरोबर आहे.