सुदामअण्णाच्या इंजिनाची सुई

ही गोष्ट मी कितीतरी वर्षं टाळत आलो, काय सांगू तुम्हाला, बायकोला सांगितली नाही, पोरांना नाही, आणि ज्याला सांगायची होती त्याला तर नाहीच. आता शहात्तर झाली, तुम्ही लिहून घ्यायला बसलाय तर जशी झाली तशी घ्या, मला चांगला दाखवू नका.

आम्ही मूळचे काष्टीचे. वडिलांचं विहिरीवर डिझेल इंजिन होतं, त्याचा आवाज ऐकतच मोठा झालो. नगरला येऊन आधी गॅरेजात स्कूटरी उघडल्या, मग एका कॉलेजच्या वर्कशॉपात लागलो. तिथं सुदामअण्णा आधीपासून होता, पारनेरकडचा, माझ्याहून चार वर्षांनी मोठा. चहा बशीतनंच प्यायचा, म्हणायचा कपातनं पिला तर चहा पिल्यासारखं वाटत न्हाई.

कॉलेजची पोरं तेव्हा छोटी विमानं उडवायची. हलक्या लाकडाचं विमान, पुढं चिकूएवढं इंजिन, आणि दोन बारीक तारा. पोरगा मधे उभा राहून तारा धरायचा, विमान त्याच्याभोवती गोल फिरायचं. तारा ताणलेल्या तोवर ते त्याचं ऐकतं, ढिल्या झाल्या की कुणाचंच नाही. त्या इंजिनाचा कार्बोरेटर म्हणजे बोटाच्या पेराएवढा, त्यात एक सुई, आत फिरवली की इंधन कमी, बाहेर फिरवली की जास्त, सगळी करामत त्या सुईत. अण्णा इंजिन पार किंचाळेपर्यंत सुई आत न्यायचा आणि मग थोडी मागं घ्यायचा, आवाज जरा जाड होईपर्यंत. मी म्हणायचो, अण्णा, चांगलं पळतंय, कशाला मागं ओढतो. तो म्हणायचा, बबन्या, जमिनीवर समदेच पळत्यात, वर गेल्यावर त्याला घोटभर जास्त लागतं, तेल बी इंधनातच मिसळल्यालं हाय, उपाशी ठिवलं तर तापून मरंल. मग विमानाचं नाक आभाळाकडं करून डोळे मिटून ऐकायचा. मनासारखं झालं की वहिनींच्या लाल नेलपॉलिशची एक रेघ सुईवरून खालच्या नळीवर ओढायचा. रेघ जुळलेली म्हणजे सुई जागेवर, मग कुणी हात लावायचा नाही. वहिनी म्हणायच्या, माझ्या नखांपरीस त्या इंजिनाचाच नट्टापट्टा जास्त.

त्या दिवशी गॅदरिंग होतं, पाहुणे यायचे होते. सकाळी अण्णानं सुई लावली, रेघ ओढली, आणि मैदानावर फक्कीनं गोल आखायला गेला. मी एकटाच इंजिन चालवून बघत होतो. ऑफिसातला कारकून दारातनं म्हणाला, काय रे, दम्याच्या म्हाताऱ्यावानी आवाज येतोय, तुला काय येतं का न्हाई, का समदं त्या सुदामलाच इचारायचं. एवढं बोलून तो गेलासुद्धा. पण मला लागलं. खरं सांगायचं तर आधीपासूनच लागत होतं, जो तो अण्णालाच हाक मारायचा. मी सुई पाव फेरा आत घेतली. आवाज एकदम शिट्टीसारखा सुरेल झाला. बंद करून बघतो तर रेघ तुटलेली. मग मी जुनी रेघ नखानं खरवडली, बाटली पेटीतच होती, नवी ओढली.

मैदानावर भोंगे लागलेले. अण्णानं इंजिनाला कान लावला, पण त्या गोंगाटात काय ऐकू येणार, शेवटी रेघ बघितली, जुळलेली होती, म्हणून मला विमान सोड म्हणाला. पहिल्या दोन फेऱ्या विमान असं पळालं की लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि मला आनंद झाला, हे पण लिहा. तिसऱ्या फेरीत वर चढताना इंजिन गप. तारा ढिल्या पडल्या, विमान आत वळून उडवणाऱ्या पोरावरच आलं, त्याच्या कोपरापाशी हाड दिसत होतं.

वर्कशॉपच्या सरांनी रेघ बघितली, म्हणाले, सुदाम, खूण तुझी, ती जागेवर आहे, म्हणजे सुई तूच चुकीची लावलीस. अण्णा म्हणाला, व्हय सर. मला विचारलं, कुणी हात लावला होता का, मी म्हणालो, न्हाई. अण्णाला वसतिगृहाच्या पाण्याच्या मोटारीवर बसवलं, बटण दाबायचं आणि टाकी भरायची वाट बघायची. अण्णा बौद्ध. तो कारकून उघड म्हणाला, या लोकांच्या हाती मशीन द्यायचंच कशाला. मी तेही ऐकून घेतलं.

पण नोकरीपेक्षा वाईट ते वेगळंच. अण्णा मला म्हणाला, बबन, माझा कान गेला रे. त्याला ते खरंच वाटलं. पुढं मेव्हण्याची मोटरसायकल दारात बंद पडली तरी म्हणायचा, मेस्तरीकडं न्या, माझ्यावर भरवसा ठिवू नका.

रिटायर होऊन तो गावी गेला. मी तीनदा एसटीनं जाऊन चहा पिऊन आलो. तिसऱ्यांदा तोंड उघडलं, अण्णा, त्या गॅदरिंगचं सांगायचंय. तो म्हणाला, नको रे ते, त्या पोराचा हात सरळ झाला का न्हाई एवढंच मनात येतं. मी म्हणालो, झाला असंल. आणि उठलो.

मागच्या थंडीत अण्णा गेला. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला त्याच्या मुलानं माझ्या हातात माईक दिला, म्हणाला, काका, दोन शब्द बोला, आमचे दादा म्हणायचे समद्यांनी माझ्याकडं बोट दाखवलं, एकट्या बबननं कधी दोष दिला न्हाई. समोर वहिनी बसलेल्या. मी म्हणालो, माणूस लई चांगला हुता, आणि खाली बसलो. बोलायचं होतं ते हे होतं, तेवढं नीट लिहा: अण्णा, सुई मी फिरवली, रेघ मी ओढली, तुझा कान शेवटपर्यंत बरोबर होता, मला माफ कर.