चोखण्यांचं झाड

हॅलो? बोदिल बोलतेय.

अगं सिसेल, तू होय. नाव दिसतं म्हणे यात, पण चष्मा कुठे ठेवलाय कुणास ठाऊक… बोल. छे, कसलं काम. राय धान्याचा काळा पाव कापत होते. पुसले हात.

हो… हो, रविवार. आहे गं लक्षात. येते म्हटलं ना, मग येणार. दालचिनीच्या गुंडाळ्या मी करून आणते. कॉफी एस्बेनकडे. आणि त्याला सांग, मागच्यासारखी कोमट नको. सासूला एकदा तरी गरम कॉफी पाज म्हणावं. बाग तेवढी ठरवा तुम्ही.

कुठली?

…

नाही, आलं ऐकू. फ्रेडरिक्सबर्गची. ऐकलं मी.

नको गं. तिथे काय ठेवलंय? रविवारी मुंगीला शिरायला जागा नसते तिथे. सगळं कोपनहेगन लोटतं. आणि ते बगळे. बाकावर टेकलं की डोक्यावर प्रसाद. एस्बेनच्या नव्या कोटाचं काय झालं होतं, तूच सांगत होतीस ना?

हत्ती दिसतात, मान्य. प्राणिसंग्रहालयाच्या कुंपणापलीकडून हत्तीची पाठ दिसते. त्यासाठी एवढी यातायात?

त्यापेक्षा राजाच्या बागेत जाऊ या की. मेट्रोतून उतरलं की बाग. मोठी मोठी लिंडनची झाडं, खाली सावली… हो, बाहुल्यांचा खेळ जूनपासून, मला ठाऊक आहे. बरं, राहिलं. मग बोटॅनिकल गार्डन? फुलपाखरांचं काचघर आहे तिथे. एक फुलपाखरू नाकावर बसलं की तुझी रूना तासभर हलणार नाही बघ.

गवतावर बसू देत नाहीत? कधीपासून? … असेल. मग वाल्बीची बाग. मला तर घरातून चालत. … वारा? मे महिन्यात वारा सगळीकडेच असतो, बाई. डेन्मार्कमध्ये राहतो आपण.

नाहीतर… नाहीतर आसिस्टन्सच्या दफनभूमीत. हसतेस काय? अर्धं शहर तिथे चादरी पसरून ऊन खात पडलेलं असतं. मुलं सायकल शिकतात. तिथल्या मेलेल्यांचा कुणाला काही त्रास नाही.

…

काय म्हणालीस?

चोखणी.

अस्सं. म्हणजे त्या झाडासाठी जायचंय तुम्हाला.

मला नको समजावून सांगूस, सिसेल. सगळं माहीत आहे मला. पोरीला तीन वर्षं पुरी झाली, आता तोंडातली रबरी चोखणी झाडाला द्यायची, रंगीत रिबिनीनं फांदीला बांधायची, सोबत चिठ्ठी, आणि टाटा करून घरी. शेकड्यांनी लटकताहेत तिथे. पावसानं पिवळ्या पडलेल्या. … तुझी? तुझी नाही बांधली आपण. तुझी मी कचऱ्यात टाकली, तू आजीकडे गेली होतीस तेव्हा. … बरं, दुष्टपणा केला. आता काय फाशी देशील?

आणि हे कोण म्हणालं? रूना? … आजीनंच बांधायची. दुसऱ्या कुणाच्या हातात देणार नाही. … शब्दही दिलास तू तिला? मला न विचारता?

मग थांबा की थोडं. पाच वर्षांची होईपर्यंत चोखली तर काय बिघडतं? … दात पुढे येतात. येऊ देत. दुधाचे दात पडतातच.

…

सिसेल, एक मिनिट. तो आवाज कसला येतोय? चुक्‌ चुक्‌ असा. रूना शेजारी बसलीय का तुझ्या? … खाली अंगणात? एस्बेनबरोबर? … मग तू काही खातेयस का?

बरं. लाइनमध्ये असेल काहीतरी.

… थांबला आता.

नाही, बरी आहे मी. खुर्चीवर बसलेय. … आवाज नाही बदलला. अगं, प्रत्येक गोष्टीला कारण कशाला हवं? मी त्या बागेत जात नाही, झालं. … नाही गेले कधी. दाताच्या डॉक्टरकडेसुद्धा मागच्या रस्त्यानं वळसा घालून जाते. पंचेचाळीस वर्षं. … तुला कसं कळणार? हत्ती बघायला बाबा न्यायचे तुला. मी घरी, डोकं दुखतंय म्हणून. … नाही. दुखायचं नाही.

असं का बोलतेस? “तुला नसेल यायचं तर आम्ही तिघं जाऊ.” … जा. जा की. पोरीला सांगा, आजी विक्षिप्त आहे.

…

नाही, थांब. ठेवू नकोस. सिसेल? … आहेस ना?

हो. येप्पेमुळे.

…

आजारपण तुला माहीत आहे. ताप मेंदूत गेला आणि भाऊ गेला, तू व्हायच्या चार वर्षं आधी. एवढंच सांगितलंय आम्ही तुला. तो कपाटावरचा फोटो, आणि एवढं. बाबा म्हणायचे, जिवंत पोरीच्या गळ्यात मेलेल्याचं ओझं कशाला? आणि मला बरंच होतं ते. बाबा गेल्यावर तर विचारणारंही कुणी उरलं नाही.

… सांगते. मध्ये बोलू नकोस फक्त. बोललीस तर मी थांबेन, आणि परत सुरू व्हायची नाही.

रविवार होता. एप्रिल. त्याला तीन पुरी झाली होती. निळी चोखणी, पांढरी रिबीन. बाबांनी त्याला खांद्यावर घेतलं आणि अगदी वरच्या फांदीला बांधायला लावली. म्हणजे ढापायचा मोह नको, म्हणे. किती हसलो आम्ही. हत्तीला टाटा, बगळ्याला टाटा, चोखणीला टाटा. घरी आलो. संध्याकाळपासून रडायला लागला.

आता ऐक. सगळ्या जणींनी मला बजावून ठेवलं होतं, की तीन रात्री रडतात. आईनं, शेजारणीनं, पाळणाघरातल्या बाईंनी. तीन रात्री काळीज दगडाचं करायचं, चौथ्या रात्री झोपतात. म्हणून मी केलं दगडाचं. तो म्हणायचा, आई, निळी दे. मी म्हणायची, दिलं ते दिलं, येप्पे. झाड परत देत नाही. मोठी मुलं रडतात का अशी? दार ओढून घेतलं मी, सिसेल. बाहेर उभी राहून मोजत होते, ही पहिली रात्र. ही दुसरी.

…

अंगाला हात लावला नाही मी त्याच्या. लावला असता तर कळलं असतं. पोर तापानं रडत होतं, आणि मी समजत होते हट्टानं रडतंय.

…

मंगळवारी सकाळी उठेना तेव्हा नेला. डॉक्टर म्हणाले, हे केव्हापासून? मी म्हणाले, आजच. … हो. खोटं बोलले. तोंडून निघालंच नाही, की दोन रात्री रडतोय आणि मी दाराबाहेर उभी आहे.

नको, पाणी नकोय मला. ऐक तू.

बुधवारी जरा शुद्धीवर आला. पहिला शब्द काय बोलला? निळी. नर्सबाईंनी दवाखान्यातली एक आणून दिली, ती थुंकून टाकली. बाबा त्याच्याजवळ बसले आणि मी निघाले, तशीच, घरातल्या चपला पायात. बाग नुकती उघडली होती. झाडाखाली गेले तर दिसतेय की चोखणी. पांढरी रिबीन वाऱ्यावर हलतेय. आणि माझा हात पोचत नाही. उड्या मारल्या मी, बाईमाणसानं, सकाळी नऊला. नाही पोचला.

आणि तिथेच, शेजारच्या झाडाच्या फांद्या छाटत होता एक माणूस. शिडीवर. … शिडीवर, सिसेल. दहा पावलांवर. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि हसला. चांगलं हसला, टिंगलीनं नाही. म्हणाला, रविवारी बांधताना बघितलं तुम्हाला; दुसऱ्याच दिवशी येतात बहुतेक आया, तुम्ही तर चक्क तीन दिवस काढलेत. धीर धरा, आज रात्री झोपेल बघा.

मी काय केलं असेल?

…

मीही हसले. त्याच्याबरोबर हसले मी. म्हणाले, हो, हो, तेच आपलं. आणि हवा छान पडलीय म्हणाले.

शिडी का नाही मागितली ते मला विचारू नकोस. मीच मला विचारत आलेय. अनोळखी माणसाला असलं सांगतात का आपल्याकडे? कामात असलेल्या माणसाला त्रास द्यायचा नाही, आपलं दुःख लोकांच्या अंगावर ओतायचं नाही. आईनं हेच शिकवलं, मीही तुला हेच शिकवलं. जीव गेला तरी चेहरा नीट.

तो शिडी उचलून पुढच्या झाडाकडे गेला. मग मी हाताशी आलेली एक सोडवून घेतली. कुणाची तरी. पिवळी. पट्टीवर शाईनं नाव, लीने. ती खिशात घालून पळाले. दवाखान्यात उकळत्या पाण्यातून काढली आणि त्याच्या ओठांत दिली. चोखली त्यानं. दोनदा, तीनदा. चुक्‌ चुक्‌. मला वाटलं, घेतली. मग जिभेनं बाहेर ढकलली आणि म्हणाला, माझी नाही.

…

नंतर काही बोलला नाही तो. शुक्रवारी गेला.

…

सिसेल? रडतेयस तू? … रड. माझ्यासारखी गिळू नकोस.

हो, तोच आवाज. दुपारी रेडिओ बंद केला की येतो. नळाशी उभी असले की मागून येतो. वळत नाही मी. आधी वळायची. … नाही, भीती नाही वाटत. न आला एखादा दिवस तर वाटते.

पिवळी? आहे ना. शिवणाच्या डब्यात, बटणांखाली. फेकणार कशी, दुसऱ्याच्या लेकराची. ती लीने आता पन्नाशीला आली असेल. तिच्या आईनं कधी येऊन बघितलं असेल आणि म्हणाली असेल, आपली कुठे गेली?

… रविवारी परत नेऊन बांधायची? मी?

माहीत नाही गं. निळी असेल का अजून तिथे, हाच विचार येतो मनात. नसणार. रिबीन कधीच कुजली असेल. पण असली तर? वर बघितलं आणि दिसली तर मी काय करू, सांग. आणि नाही दिसली तरी काय करू?

…

तू धरशील हात. हं.

कोण आलं? … आले का ते दोघं वर? … नको, आत्ता नको देऊस तिला फोन, माझा आवाज… सिसेल, नको ना…

हॅलो, रूना.

हो, आजीच. आजीला सर्दी झालीय. … नाही, रडत नाही. … बरं, थोडं रडले. … कांदा नाही, राणी. पाव कापत होते. पावानं कुणी रडतं का? … मग काय झालं, ते आजी रविवारी सांगेल. झाडाखाली बसून.

…

हो. येणार आहे आजी. तुझ्याच बागेत. … तुझ्या झाडाजवळ. … हो गं बाई, मीच बांधणार. चोखणी तोंडातून काढ आणि बोल, अर्धं कळत नाही मला. … हां. लाल रंगाची रिबीन. चालेल.

उंच? नाही. उंच नाही बांधायची. बाबांना सांग, खांद्यावर घ्यायचं नाही. आजीचा हात पोचेल तिथेच बांधायची, खालच्या फांदीला.

… का म्हणजे? परत हवीशी वाटली तर काढता यावी म्हणून.

कोण म्हणतं देत नाही? … आई म्हणाली? आईला चुकीचं सांगितलंय कुणीतरी. लहानपणी. … झाड देतं परत. मागावं लागतं.

हो, पहिल्या रात्रीच मागितलीस तरी. आधी आई तुझ्या कपाळाला हात लावून बघेल. मग कुशीत घेईल. आणि तरी नाही झोप आली, तर मला फोन करेल. मी जाईन आणायला.

फाटक बंद? हो, संध्याकाळी बंद करतात खरं. … मग फाटकावर हाका मारीन. चौकीदार असेल, माळी असेल, कुणीतरी असेल ना. … रागावेल? रागावू दे. जेवत असला तरी उठवीन.

काय सांगीन त्याला?

…

सांगीन, आमचं लेकरू रडतंय.

… नाही, आणखी काही नाही. तेवढंच. तेवढं पुरलं असतं… पुरेल, राणी. पुरेल, म्हणाली आजी.

हो. ठेव आता. आईला दे… नको, राहू दे. तूच ठेव. खाली तो लाल गोल दिसतोय ना, त्याच्यावर बोट—