सुमी विसरली नव्हती

माहं माहेर भिवापूरकडचं, मिरचीच्या मुलखातलं. लग्न होऊन नागपूरले आली तवा मले पातळ नेसता येत नव्हतं धड, नऊवारी लुगड्यावरच आली मी. शिक्षण म्हणसान तर काहीच नाही. शाळा होती आमच्या गावात, पण शाळा गावात आणि आमी गावाच्या बाहेर, मंग तुमीच समजा ताई. सही करता येते मले, ती बी सुमीनं शिकवली, माह्या पोरीनं. तिचीच गोष्ट सांगून राहिली मी, माही काय गोष्ट असन.

तर आमी राहो नाल्याच्या काठच्या बस्तीत, उत्तरेकडं. मालक, म्हणजे सुमीचे बाबा, कापडाच्या मिलमध्ये साच्यावर, त्याईची पाळी बदलत राहे, आणि मी संत्र्याच्या मंडीत. संत्री निवडायची, मोठी एकीकडं, बारीक एकीकडं, दबलेली वेगळी, मंग पेटीत धानाचं वाळलं तणीस घालून भरायची. संध्याकाळी घरी आली की सुमी माहे हात हुंगे. म्हणे, आई तुह्या हाताले कसा बारा महिने सणाचा वास येते वं. संत्र्याचा वास मले तर मळमळायचा, पण तिले आवडे.

घरात आमचे मामाजी होते, म्हणजे माहे सासरे. उंच माणूस, ताठ चाले, सत्तरीतही ताठ. गावात असताना त्याईच्याकडं गावकीचं काम होतं. कोणाच्या घरी मयत झाली की घुंगराची काठी हातात धरून चार गावाले निरोप घेऊन पायी जायचं, ऊन असो पाणी असो. आणि पाटलाच्या दारात गेलं की लांबच थांबायचं, कंबरेतून वाकायचं, आणि एक शब्द म्हणायचा, तोच म्हणायचा, रामराम नाही चालायचा. आमच्या लोकाईसाठी तोच शब्द ठरलेला. दीक्षा घेतली त्या साली मामाजी नागपूरले आले ते परत गेलेच नाही. गावकी सोडली, काठी सोडली, तो शब्द सोडला. सुमीले ते सारं सांगत, कसं वाकावं लागे, कसं चपला हातात घेऊन जावं लागे, पण तो शब्द नाही सांगितला कधी. पोरगी विचारे, आजोबा काय म्हणावं लागे? तर म्हणत, जाऊ दे, तुले काय करायचा तो.

शाळा आमच्या बस्तीजवळच होती, प्रायमरी, चौथीपर्यंत. चार खोल्या कौलाच्या आणि पुढं मोठं अंगण, अंगणात कडुनिंब. तुमाले काय सांगू, त्या शाळेचं आमाले काय कौतुक होतं. दुपारी पोट्ट्याईले पावडरीचं दूध भेटे, सुमी तिचा गिलास पदराखाली झाकून, म्हणजे फ्राकाखाली, घरी आणे मामाजीसाठी, अर्धा रस्त्यात सांडे. शनिवारी बालसभा राहे. एक पोट्टा अध्यक्ष, एक पोट्टी गाणं म्हणे, एकजण गोष्ट सांगे. टकळीवर सूत काढणं होतं, लेझीम होती. सव्वीस जानेवारीले प्रभातफेरी आमच्या गल्लीतून जाये आणि सुमी सगळ्याईच्या पुढं, घोषणा देऊन राहिली. आवाज तिचा खणखणीत, नाल्याच्या पलीकडं ऐकू जाये. मी दारात उभी राहो. मले वाटे, माह्या पोटातून हा आवाज कसा आला, माहा तर मंडीत मुकादमासमोर बी निघत नाही.

तर सुमी चौथीत होती, आणि शाळेचं गॅदरिंग ठरलं. एक दिवस सुमी पळत आली, म्हणे आई, मी नाटकात आहो. मी म्हटलं काय आहेस वं नाटकात? तर म्हणे मी राजाकडं निरोप घेऊन जातो. राजा सिंहासनावर बसला राहते आणि मी सांगतो की शत्रू येऊन राहिला. मी सांगितलं तरच राजाले समजते. मंग पुढचं नाटक. म्हणजे पहा, तिच्यावाचून नाटक पुढं सरकतच नव्हतं. पुढचं काही सांगेना. बाईनं सांगितलं होतं म्हणे, घरी सांगून ठेवू नका, पाह्यची मजा जाते. नाटकाच्या बाई म्हणजे तिच्या वर्गाच्याच बाई, नव्याच आल्या होत्या, बारीक चणीच्या, चांगल्या होत्या स्वभावानं. मी खोटं नाही बोलत, चांगल्या होत्या.

बाईनं सांगितलं होतं धोतर आणा, घोंगडं आणा. धोतर कोणाचं, तर मामाजीचं. त्याईनं आपलं धुतलेलं धोतर काढलं, अर्धं दुमडून, सुमीले उभं करून स्वतः नेसवून पाहिलं. कासोटा कसा घालायचा ते शिकवलं. माणूस हसत होता. मी त्याईले इतकं हसताना कधी पाहिलं नव्हतं. म्हणे, राजाशी बोलते आपली नात, ताठ उभी राहजो वं.

आणि मी काय केलं, तर साऱ्या गल्लीले सांगत सुटली. नळावर सांगितलं, मंडीत सांगितलं, विहारात सांगितलं. माही पोरगी नाटकात हाये, राजाशी बोलते, या बरं का सारे. आदल्या दिवशी शाळेनं आयाईले बोलावलं होतं अंगण सारवाले, तिथं बी मी शेण कालवता कालवता तेच सांगून राहिली होती. एक दोघी हसल्या असतीन मनात. पण आली सारी गल्ली. धुतलेले कपडे घालून, डोक्याले तेल लावून. मामाजी पांढरा सदरा घालून सगळ्याईच्या पुढं सतरंजीवर बसले, मी त्याईच्या मागं बायाईत. मालक पाळीवर होते.

स्टेज काय, तर वर्गातले बाक जोडून त्यावर फळ्या, आणि पडदा म्हणून दोन चादरी. आधी स्वागतगीत झालं, लेझीम झाली, मंग नाटक. राजा एका दुकानदाराचा पोट्टा, चमकीचा मुकुट घालून. प्रधान होता, दोन शिपाई होते. मंग प्रधानानं आवाज दिला, कोण आहे रे तिकडे. आणि सुमी आली.

ताई, ती वाकून आली. कंबरेतून वाकून, धोतर घातलेलं, खांद्यावर घोंगडं, हातात घुंगराची काठी, चपला काढून काखेत. तोंडाले काजळ फासलेलं. लांबच थांबली राजापासून. मले पहिल्यांदा समजलंच नाही, मले वाटलं नाटकात असंच असते. शेजारच्या बाईनं माहा हात दाबला, तवा समजलं. हे तर मामाजीचं गावातलं रूप. मी मान वर करो ना. साऱ्याईले मीच बोलावून आणलं होतं ना हे पाहाले.

आणि पुढं मामाजी उभे राहिले. नुसते उभे राहिले आपल्या जागेवर, पांढऱ्या सदऱ्यात.

सुमीनं त्याईले पाहिलं. तोंड उघडलं होतं तिनं, तसंच राहिलं. पडद्याच्या मागून बाई सांगून राहिल्या, म्हण, म्हण ना सुमन. पोरगी काही म्हणेना. राजा म्हणे, बोल. मंग पोट्टे हसाले लागले, विसरली रे, विसरली. मोठी माणसं बी हसली. मागून कोणी शिट्टी मारली. सुमी हळूहळू सरळ झाली, उभी राहिली, आणि डोळ्यातून काजळ खाली येऊन राहिलं. मंग चादर ओढून घेतली कोणी.

आमी घरी आलो. मले तर धरती फाटावी असं वाटून राहिलं होतं. एक मन म्हणे पोरगी विसरली, नाक कापलं साऱ्याईसमोर. एक मन म्हणे बरं झालं विसरली. मी तिचं तोंड धूत होती, काजळ काही निघेना, आणि मी म्हटलं, इतकी पाठ केली होती ना वं, विसरली कशी?

तर ती म्हणे, मी नाही विसरली आई. आजोबा उभे राहिले. मले वाटलं, आजोबा सांगत ते हेच आहे. मंग मले म्हणवलंच नाही. आणि बाईनं दिलेला शब्द मामाजीच्या कानात सांगून विचारते, आजोबा, तो शब्द हाच होता काय? मामाजीनं मान हलवून हो म्हटलं. आणि बाहेर जाऊन बसले.

सोमवारी सुमी शाळेत जाईना. पोट्टे गल्लीतूनच ओरडत जात, विसरली रे विसरली. दोन तीन रोज झाले तसं बाईनं एका पोट्टीजवळ सांगून पाठवलं, आईला शाळेत बोलावलंय. मी मंडीत खाडा केला. निघाली तर मामाजी म्हणे, मी बी येतो.

बाई मास्तराईच्या खोलीत होत्या. दुसरे एक मास्तर वह्या तपासून राहिले होते कोपऱ्यात. बाई म्हणाल्या, अहो, सुमनचं पाठांतर पक्कं नव्हतं तर आधी सांगायचं होतं, मी दुसरी मुलगी घेतली असती, सगळ्यांची मेहनत वाया गेली. आणि आता शाळेत का येत नाही ती? मी रागावले नाही तिला. मी घरून किती काय ठरवून निघाली होती. पायाच्या अंगठ्याकडं पाहत उभी राहिली नुसती.

तर मामाजी म्हणाले, बाई, नात विसरली नाही. तो शब्द आमी सोडला हाये.

बाईनं विचारलं, कोणता शब्द?

बाईले खरंच समजत नव्हतं, तोंडावरून दिसत होतं. पुन्हा म्हणाल्या, कोणता शब्द हो बाबा? इतक्या वर्षात जो शब्द तोंडाले लावला नाही तो समजावून सांगाले तरी कसा उच्चारावा माणसानं. आणि कोणी तरी तो म्हटल्याशिवाय बाईले समजणार नव्हतं.

मंग मी म्हटला. सासऱ्यासमोर, त्या मास्तरासमोर, डोक्यावर पदर घेऊन मी म्हटलं, जोहार मायबाप. तो शब्द बाई, जोहार मायबाप. आमाले म्हणावं लागे तो, वाकून.

काय सांगू ताई तुमाले, आज बी ते आठवलं की माहे कान गरम होतात. मामाजीनं डोळे मिटून घेतले. कोपऱ्यातल्या मास्तराचा पेन थांबला. बाई लाल झाल्या, मंग पांढऱ्या झाल्या. म्हणाल्या, मी तो जुन्या काळचा वाटावा म्हणून घातला होता, माझ्या मनात तसं काही नव्हतं. त्याईच्या मनात होतं की नव्हतं, मले अजून समजलं नाही. सुमीचा आवाज मोठा म्हणून ते काम दिलं, की आमी कोण हे पाहून दिलं? कदाचित त्याईले स्वतःले बी माहीत नसन. पण डोळ्यात पाणी होतं, ते मी पाहिलं. हात जोडाले लागल्या मामाजीपुढं, तर मामाजी म्हणाले नको, हात नका जोडू, पोरीचं तेवढं पहा.

बाहेर आलो. अंगणात नळ होता पोट्ट्याईचा, तोटी कडक, दाबून धरली तरच पाणी येये. मले तोंड धुवावं वाटलं, चूळ भरावी वाटली, त्या शब्दाची चव राहिली होती तोंडात. मी नळाशी गेली तर मामाजी पुढं आले आणि तोटी दाबून धरली. सासरा सुनेसाठी पाणी धरून उभा आहे, साऱ्या शाळेसमोर, खिडक्याईतून पोट्टे पाहून राहिले. मी चूळ भरली, तोंड धुतलं, पाणी प्याली. ते धरून उभे होते. झालं काय, म्हणाले. मी म्हटलं झालं. मंग पुढं चालाले लागले, ताठ. त्या गोष्टीवर घरात पुन्हा बोलणं झालं नाही, ते गेले तोपर्यंत.

शनिवारच्या बालसभेत बाईनं साऱ्या पोट्ट्याईले सांगितलं की सुमन विसरली नव्हती, चूक माझी होती. सुमीनंच घरी येऊन सांगितलं, तिले अर्धं समजलं, अर्धं नाही. पण पोट्टे कशाचे ऐकतात. विसरली हे नाव तिले पुढं मोठ्या शाळेतही चिकटलं. आणि ती पुन्हा स्टेजवर गेली नाही. प्रभातफेरीत बी मधात चाले, ओळीत. बोले, हसे, पण तो आवाज गेला तो गेला. मॅट्रिक झाली, लग्न झालं, जावई खापरखेड्याले पावरहाऊसमध्ये आहेत. कॉलनीत शिलाई मशीन चालवते ती, हात चांगला आहे तिचा. आता तिची पोरगी तिसरीत आहे.

मागच्या महिन्यात कॉलनीतल्या शाळेत खेळ होते, सुमीनं मले बोलावलं, मी बसनं गेली. तिथं पावरहाऊसची राखड इतकी उडते ताई, पांढरी साडी नेसून गेली तर करडी होऊन आली. नात धावाले उभी राहिली. शिट्टी वाजली, साऱ्या पोरी गेल्या आणि आमची मागं. मागं म्हणजे अशी मागं, की पहिली पोहोचून पाणी पिऊन राहिली आणि ही अजून धावूनच राहिली. लोक हसून राहिले. मी पदर तोंडाले लावला, इकडं सुमीनं मान खाली घातली. आमी दोघी मायलेकी अशा बसलो की जसं काही आमीच हरलो.

आणि ती पोरगी शेवटच्या रेघेवर पोहोचली, दोन्ही हात वर केले आणि हसाले लागली. साऱ्या लोकाईसोबत हसून राहिली, स्वतःवरच. मंग धावत आली, म्हणे, आजी पाहिलं काय वं, मी शेवटून पहिली आली. राखडीनं तोंड भरलेलं, दात तेवढे पांढरे. मी पाहत राहिली तिच्याकडं. इतक्या माणसाईसमोर हरून लेकरू असं हसू शकते, हे मले माहीतच नव्हतं. सुमीनं तिले जवळ ओढलं, तोंड पुसाले लागली, तर ती हात सोडवून पळून गेली मैत्रिणीकडं.

माही लाज माह्यासोबत जाईल ताई, ती काही आता निघत नाही. पण त्या पोरीले कोणाची नजर न लागो. धावू दे तिले, शेवटी येऊ दे, पण अशीच हसू दे.