ओघळांची गॅरंटी

दुकानवाली : ही नको, ती नको. काका, मी पुन्हा पहिल्यापासून सांगते. ही बघा, हिचा पेला वरच्या अंगाला. रंग आपल्या वजनानेच खाली उतरतो, थेंबही वाया जात नाही. घरच्या घरी गाडी रंगवणारी दहातली नऊ माणसं हीच स्प्रे गन नेतात.

काका : आणि दहावा कुठे असतो, चौकशी केलीस कधी?

दुकानवाली : कुठे असतो?

काका : तुझ्यासमोर उभा आहे. पोरी, ही बंदूक मी चालवलेली आहे. आमची बेकरी होती तेव्हा शटर रंगवायला शेजारच्या सुताराकडून आणली होती. वरची पट्टी राहिली म्हणून जरा तिरकी धरली, तर अख्खा पेला माझ्या डोक्यावर पालथा! काळाकुळकुळीत रंग. घरी गेलो, हिच्या आईने दार उघडलं. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, “जावई घरात नाहीत, संध्याकाळी या.”

काकू : रंग हिरवा होता. आणि आईने तुम्हाला ओळखलं होतं.

काका : मग संध्याकाळी या का म्हणाली?

काकू : ओळखलं होतं म्हणूनच.

काका : तू त्या रंगांच्या पट्ट्या बघ ना जरा. पांढऱ्यातही शंभर प्रकार असतात.

काकू : बघतेय. डोळे पट्ट्यांवर आहेत, कान मोकळे आहेत.

दुकानवाली : काका, आता पेल्याला आटे असलेलं झाकण असतं. पालथं होत नाही.

काका : तेव्हाही होतं गं झाकण. तेच आधी पडलं. पुढची दाखव.

दुकानवाली : ही पुढची. हिचा डबा खालच्या अंगाला. हवा जोरात जाते आणि रंग वर ओढून घेते. मोठ्या कामाला बरी, पण हाताला जड. आणि रंग फार उडतो.

काका : उडतो म्हणजे कुठे जातो?

दुकानवाली : भिंतीवर, झाडांवर, शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर. निम्मा गाडीवर बसला तरी नशीब समजायचं.

काका : निम्माच? अच्छा. ही जरा बाजूला काढून ठेव.

दुकानवाली : बाजूला? अहो, मी ती घेऊ नका म्हणून सांगतेय.

काका : तुझं सांगून झालं, माझं ऐकून झालं. बाजूला ठेव. आणि ती चकचकीत कसली?

दुकानवाली : ही कमी दाबाची. हवा भरपूर लागते, पण रंग असा अलगद बसतो, जणू कुणी फुंकर मारून ठेवलाय. गाडीत बघून दाढी करावी.

काका : नको! ही तर मुळीच नको. आमच्या एका वेल्डर दोस्ताने हिच्याने आपली गाडी रंगवली होती. ऐक काय झालं. दुसऱ्या दिवशी गल्लीतला कोंबडा दारासमोरून चालला होता, त्याला गाडीच्या दारात दुसरा कोंबडा दिसला. झालं! छाती फुगवून उभा राहिला. हा मान उंच करतो, तोही करतो. हा चोच मारतो, तोही मारतो. सकाळचं आरवणं बंद पडलं. अख्खी गल्ली उशिरा उठायला लागली, पोरांची शाळा चुकली, बायका वेल्डरच्या दारात भांडायला. शेवटी बिचाऱ्याने पॉलिशपेपर घेतला आणि सगळी चकाकी घासून काढली, तेव्हा कुठे कोंबडा कामावर रुजू झाला.

दुकानवाली : म्हणजे गन उत्तमच होती की!

काका : उत्तम होती. तेच तर सांगतोय. अशी नको.

काकू : कोंबडा कुणाचा होता हो?

काका : कोंबड्याचं काय कुणाचं असणं. स्वतंत्र होता.

काकू : बरं.

काका : आणि पोरी, ती त्या टोपलीत काय पडलीय? निळी, प्लॅस्टिकची?

दुकानवाली : ती? अहो, ती विजेवर चालणारी, कुंपणाला रंग मारायची. तिला गाडीच्या जवळपासही न्यायचं नाही. थुंकते ती.

काका : थुंकते म्हणजे नक्की काय करते?

दुकानवाली : रंग धुक्यासारखा सुटायला हवा ना? तसा सुटत नाही. मध्येच जाड ठिपके टाकते. कुंपणाला चालून जातं.

काका : आणि ओघळ? ओघळ येतात?

दुकानवाली : येणारच.

काका : तसं नाही. नक्की येतात, की कधी येतात आणि कधी नाही? हात चांगला बसलेल्या माणसालाही येतात?

दुकानवाली : त्या गनने साक्षात कारखानदाराने रंग मारला तरी येतील.

काका : आणि ते संत्र्याच्या सालीसारखं खडबडीत होतं म्हणतात, ते?

दुकानवाली : होतं.

काका : वाळल्यावर घासलं तर जात नाही ना?

दुकानवाली : जातं. नेटाने घासलं तर जातं.

काका : आणि मी नेटाने नाही घासलं तर?

दुकानवाली : काका, माझे वडील या गल्ल्यावर बसायचे तेव्हापासून मी गिऱ्हाइकं बघतेय. ओघळ येणार नाहीत ना, अशी खात्री मागणारे रोज येतात. ओघळांची गॅरंटी मागणारे तुम्ही पहिलेच.

काकू : थांब गं. तुला नाही कळायचं. मला आत्ता कळलं.

काका : काय कळलं? काही कळण्यासारखं नाहीये त्यात. बाजारात आलोय, चार प्रश्न विचारतोय.

काकू : पोरी, आमची एक जुनी व्हॅन आहे. पाव पोचवायची. बेकरी गेल्या वर्षी बंद केली, पाव गेले, व्हॅन तेवढी अंगणात राहिली.

काका : व्हॅन काय म्हणतेस. ठमी.

काकू : ठमी. माझं नाव घेताना जीभ अडखळते यांची, पण व्हॅनला टोपणनाव आहे. तर एका फुलवाल्याशी मी बोलणी केली. त्याला गाडी पसंत आहे. तो म्हणाला, “काकू, पांढरी करून द्या, रविवारी येऊन घेऊन जातो. पण रंग नीट हवा. डागाळलेली गाडी दुकानापुढे लावली तर माझ्या फुलांकडे कोण बघेल?” मी गॅरेजला टाका म्हटलं, तर हे लगेच म्हणाले, “गॅरेज कशाला, मीच घरी रंगवतो.” तेव्हाच शंका यायला हवी होती. भिंतीत खिळा ठोकायचा तर या माणसाला मुहूर्त सापडत नाही.

काका : हौस म्हणून म्हटलं. माणसाला हौस नसावी?

काकू : असावी. पण तुम्ही पावावर दुधाचा हात फिरवायचात ना, तेव्हा एका पावावर कमी आणि दुसऱ्यावर जास्त चकाकी आली तर अख्खा ट्रे मागे ठेवायचात. गिऱ्हाईक दारात ताटकळलं तरी द्यायचा नाहीत. आणि तोच माणूस आज ओघळ पारखून घेतोय?

काका : वय झालं. नजर मऊ झाली.

काकू : नजर मऊ नाही, डाव कच्चा. गाडी अशी भयाण रंगवायची, की फुलवाल्याने फाटकातूनच परत जावं. खरं की खोटं?

दुकानवाली : खरं का हो, काका?

काका : तू गं कशाला मध्ये? तू त्या गनचं तेलपाणी बघ.

काकू : उत्तर द्या.

काका : खरं. घे. झालं समाधान? पण सुरुवात कुणी केली? मला न विचारता ठमीचा सौदा कुणी केला? तुलाच ती डोळ्यांसमोर नकोय.

काकू : नकोच आहे!

काका : बघ. ऐकलंस ना, पोरी?

काकू : तिला काय सांगता? मला विचारा का नकोय ते. सकाळी उठता, चहाचा कप उचलता आणि जाऊन गाडीत बसता. पेपर तिथे, रेडिओ तिथे, दुपारची डुलकीही तिथेच. जेवायला हाक मारली की काच खाली करून “आलोच” म्हणता, जसं काही दुसऱ्या गावाहून यायचंय. जन्मभर भट्टीपुढे मी आणि स्टिअरिंगमागे तुम्ही. मी उठायच्या आत तुम्ही पाव घेऊन गेलेले, तुम्ही यायच्या आत मी पीठ मळायला बसलेली. म्हटलं, बेकरी बंद झाली, आता तरी हा माणूस घरात दिसेल. तर हे अंगणात! शेवटी विचार केला, गाडी गेली तर घरात येऊन बसतील. दुसरीकडे जाणार कुठे?

काका : म्हणजे तिची अडचण होते म्हणून विकत नाहीयेस तू?

काकू : ती बिचारी जास्वंदीच्या कडेला उभी असते. तिची कसली अडचण.

काका : अगं, मग हे आधी बोलायचं.

काकू : कुणाशी? काचेशी?

काका : आणि घरात बसू तरी कुठे मी, सांग! फरशीवर पाय ठेवला की “अहो, ओली आहे.” खुर्चीत टेकलो की “उठा, खाली घड्या घातलेले कपडे आहेत.” स्वयंपाकघरात डोकावलो की “मध्ये मध्ये करू नका.” ठमीत निदान मला कुणी उठवत नाही.

काकू : मी असं म्हणते?

काका : म्हणतेस. गोड बोलून म्हणतेस, पण म्हणतेस.

काकू : दिवसातून किती वेळा?

काका : मी मोजत नाही. मी उठतो.

दुकानवाली : मी जरा मागे गोदामात जाऊन येते. तुमचं चालू द्या.

काकू : बस गं इथेच. तुझंच दुकान आहे, तू कशाला जातेस? आणि तू असलीस की हे खरं बोलतात, असं दिसतंय.

काका : मी नेहमीच खरं बोलतो. लोकांना ते जरा लांब वाटतं, एवढंच.

काकू : मग मला का नाही बोलावलंत कधी गाडीत? “ये, बस दोन मिनिटं,” एवढं म्हणायला काय झालं होतं?

काका : बसणार कुठे? शेजारची सीट आहे कुठे तिथे? पावाचे ट्रे ठेवायची मांडणी आहे. बेकरी सुरू केली त्याच आठवड्यात सीट काढून टाकली होती ना.

काकू : म्हणजे एवढ्या वर्षांत मी तुमच्या शेजारी एकदाही बसलेली नाही.

काका : शेजारी नाही. मागे एकदा बसली होतीस. लेकीच्या वेळी कळा सुरू झाल्या, रिक्षा मिळेना, तेव्हा ठमीतूनच नेलं तुला. सकाळचे पाव भरलेले होते. पोरी, ही मागे गरम पावांच्या मधोमध. लेक जन्मली तर अंगाला असा खमंग वास, की डॉक्टरीणबाईंनी तिला हातात घेतलं आणि आधी विचारलं, “चहा कुठे आहे?” आणि लेक? लेक रडली नाही. डोळे उघडले, आईकडे बघितलं आणि लोणी मागितलं.

काकू : रडली. तेवढं एकच खोटं आहे यात.

दुकानवाली : एकच?

काकू : वास येत होता गं. मला अजून आठवतो.

(काकू काउंटरवरच्या गन एकेक उचलून हातात तोलून बघते.)

काकू : पोरी, ती निळी टोपलीतच राहू दे. मला सांग, चांगलं काम हवं असेल तर यातली कुठली?

दुकानवाली : ते तुमच्या कॉम्प्रेसरवर. घरी कुठला आहे?

काका : घरी कुठला? सुताराचा मागून आणणार आहे. छोटा आहे, कुत्र्याच्या पिल्लाएवढा. आवाज मात्र कुत्र्याएवढा.

दुकानवाली : मग ती कमी दाबाची नको. तिला हवा फार लागते. छोट्या कॉम्प्रेसरला मध्येच धाप लागेल आणि रंग तुटक पडेल. मी सांगत होते तीच पहिली घ्या, वर पेल्याची. रंग सुटतो ती पुढची बोंडी मध्यम देते. सोबत ही हवेतलं पाणी अडवायची गाळणी घ्याच, नाहीतर रंगात फोड येतील. आणि मास्क.

काकू : मास्क दोन दे.

काका : दोन कशाला?

काकू : तुम्ही नळी धरणार, मी रंग मारणार. तुमचा भरवसा नाही मला. मध्येच ओघळाची आठवण येईल तुम्हाला.

दुकानवाली : काकू, वीतभर अंतर ठेवा आणि हात सरळ रेषेत न्या. कोपऱ्यावर थांबलात की ओघळ आलाच. आधी टाकाऊ पत्र्यावर हात बसवून घ्या.

काकू : पावाचे ट्रे आहेत पत्र्याचे, त्यांच्यावर बसवू. ती मांडणी तशीही काढायचीच आहे.

काका : मांडणी काढायचीय? फुलवाल्याला तर ती हवी होती. कुंड्या ठेवायला.

काकू : फुलवाल्याला आज फोन करून सांगते, गाडी मिळणार नाही. म्हणावं, रंगात ओघळ आले.

काका : अगं, पण अजून रंग दिलाच नाही!

काकू : तुमच्याबरोबर संसार केलाय. एवढंही जमू नये मला?

काका : पोरी, बघ. बघितलंस? आणि लोक मला नावं ठेवतात.

दुकानवाली : मग पांढरा रंग काढू की नको?

काकू : पांढरा त्याला हवा होता. हा बघ, हा पिवळसर तांबूस. पाव भट्टीतून काढायच्या जरासा आधी दिसतो ना, तसा.

काका : आणखी एक मिनिट ठेवला तर करपेल, तेव्हाचा.

काकू : हो. तोच.

काका : चांगला आहे. ठमीला शोभेल. पण मग, विकायची नाही तर एवढं चकाचक करायचं कशाला? मी तर आहे त्या रंगातही बसतच होतो.

काकू : तुम्ही बसत होतात. मी नाही बसणार तसल्या गाडीत. पोरी, जुन्या गाड्यांच्या सीट मिळतात का गं इथे कुठे?

दुकानवाली : मागच्या रस्त्याला भंगारवाला आहे. माझं नाव सांगा, चांगली काढून देईल.

काका : सीट बसवू आपण. आजच बघून येऊ. आणि मग सांग, कुठे जायचं? डोंगराकडे? समुद्राकडे? मी एकदा पाव द्यायला म्हणून निघालो होतो आणि चुकून समुद्र ओलांडून—

काकू : कुठे नको हो. थोडे दिवस अंगणातच बसू.