पाखरं हाकणारीची आई

ठण्ण्—ण्—ण्!

बघा! सगळं देऊळ चिडीचूप, तात्यांनी पेटीचा सूर धरलेला, मी कीर्तनाला तोंड उघडणार— आणि माझ्या लेकीच्या हातातली वाटी घरंगळत थेट देवापुढं! असू द्या, असू द्या. चुरमुऱ्यांचा नैवेद्य झाला!

पण मंडळी, ऐका. चारचौघांत लेकराच्या हातनं वाटी पडली, की आई आधी कुणाकडं बघते? लेकराकडं? खोटं बोलू नका, देवळात बसलाय! आधी बघते लोकांकडं! मग लेकराकडं. आजचा सवाल एवढाच— लेकरू आपलं, तर त्याची उंची मोजायला फूटपट्टी शेजाऱ्याची का?

गोष्ट आपल्या कोल्हापूरचीच आहे. हौसाबाई मगदूम म्हणून एक बाई. शाळेत खिचडी शिजवायच्या. लेकीनं, राजश्रीनं, पहिल्या पगारात आईला फोन घेऊन दिला— आणि बाईंना लागला फोटोचा नाद! जास्वंद काढ, मांजर काढ, उतू जाणारं दूध काढ! अहो, दूध गेलं तरी चालेल, फोटो हलता कामा नये! गल्लीत चौगुले मास्तर होते, चित्रकलेचे, निवृत्त. त्यांनी हौशी मंडळींचा गट जमवला होता. रविवार आला की निघाले फोटो काढायला. हौसाबाईही जाऊ लागल्या.

एकदा मास्तर म्हणाले, "या रविवारी उजळाईवाडीचा विमानतळ! विमान उतरताना टिपायचं!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. हौसाबाईंचा चेहरा मात्र पडला. का? अहो, राजश्री त्याच विमानतळावर कामाला! आणि बाईंनी गटात सांगून ठेवलेलं— "माझी राजू टावरात बसती. मोठी सायेब हाय!"

आणि राजू खरंच काय करत होती? जीप घेऊन धावपट्टीवरची पाखरं हाकत होती!

हसू नका! एक घार, एक टिटवी इंजिनात शिरली, तर आतल्या माणसांचा जीव टांगणीला लागतो. म्हणून राखण ठेवावी लागते. पण हौसाबाईंचं दुखणं वेगळं होतं. लहानपणी त्या स्वतः ज्वारीच्या शेतातल्या माळ्यावर उभ्या राहिल्या होत्या, हातात गोफण घेऊन, उन्हातान्हात. तेव्हाच मनाशी म्हणाल्या होत्या— पाखरं हाकणं माझ्यापाशी संपायचं. लेकीला शिकवलं. लेक बी.एस्सी. झाली. आणि लागली कशाला? पाखरं हाकायला! आता हे सांगायचं कुणाला?

रविवार उजाडला. कुंपणाबाहेर, रस्त्याच्या कडेला एक उंचवटा. तिथं मंडळींनी ठाण मांडलं. कुणाचा कॅमेरा, कुणाचा फोन, आणि भुईमुगाच्या शेंगा तर सगळ्यांच्याच! गटात एक शालनवहिनी होत्या. जिभेला हाड नाही, मनात पाप नाही.

"हौसाबाई, टावर त्योच न्हवं? लेकीला म्हणावं, खिडकीतनं हात तरी दाखव!"

"ड्युटीवर हाय ती," बाई पुटपुटल्या. आणि फोनची काच पदरानं पुसत बसल्या. पुसलेलीच काच, पुन्हा पुन्हा!

तेवढ्यात आभाळात दिवा चमकला. विमान! मास्तर ओरडले, "दम धरा! चाकं टेकताना दाबायचं!"

विमान खाली आलं... अजून खाली... आणि गवताच्या कडेनं एक पिवळी जीप सुसाट सुटली! फाट्! फटाक्याचा बार! गवतातून टिटव्यांचा थवाच्या थवा उठला. टिटवी ती, उघड्या माळावर अंडी घालणारी, सहजी हलते होय? कलकलाट नुसता! आणि विमानानं काय केलं? टेकलंच नाही! समोर पाखरं बघून नाक वर उचललं, गर्जना केली, डोक्यावरून निघून गेलं!

"गेला फोटो!" शालनवहिनी कडाडल्या. "कोण बया मधे तडमडली! पाखरं हाकणारी ती, तिला कसली आलीय अक्कल!"

तात्या, पेटी थांबवा जरा.

जीपमधून एक पोरगी उतरली होती. लांबून बोटाएवढी दिसत होती. तोंड ओळखू येत नव्हतं. पण उजवा पाय पुढं, कंबर मागं झुकलेली, हात डोक्यावर गरगरा फिरतोय— अहो, गोफण फिरवणारी बाई अशीच उभी राहते! पोरीच्या हातात गोफण नव्हती. कुणी शिकवलं तिला असं उभं राहायला? कुणीच नाही. रक्तानं शिकवलं!

हौसाबाई गप्प बसल्या असत्या, तर कुणाला कळणार होतं? पण त्या उठल्या.

"शालन, तोंड आवर. माझी राजू हाय ती."

"अवो, पण ती तर टावरात—"

"खोटं बोलले म्या. टावरात न्हाई, काय न्हाई. पाखरं हाकती माझी लेक! त्या इमानात कुणाची लेकरं बसल्यात, तिला ठावं बी न्हाई. तरी राखती. पिकावाणी राखती!"

तात्या, आता धरा सूर!

शेत राखे त्याचे
नाव नाही कणसावर
तरी दाण्यादाण्यावर
हात त्याचा

मग शालनवहिनी काय म्हणाल्या? "हिकडं या हौसाबाई, माझ्या जागंवर. हितनं बेस दिसती तुमची पोरगी."

विमान वळसा घालून परत आलं. कसं टेकलं! नव्या नवरीनं उंबऱ्यावर पाऊल ठेवावं, तसं! पण टेकताना बघितलं कुणी? मास्तरांसकट साऱ्यांचे कॅमेरे जीपवर! विमान बघायला गेलेल्या गटाकडं विमानाचा एक फोटो नाही! आणि हौसाबाईंकडं तर कसलाच नाही. फोन हातात, हात आभाळात, "राजू! राजू!" राजूनं वळून बघितलं का? नाही! ती गवताकडं बघत होती. कामावर होती ती!

आता तुमच्याकडं वळते. "मुलगा काय करतो?" विचारलं की आवाज का हो खाली येतो? "आहे कुठंतरी दुकानात..." कुठंतरी? दुकानाला नाव नाही? सुनेचं शिवणकाम, लेकीची दवाखान्यातली रात्रपाळी— मोठ्यानं सांगा! देवापुढं आरती मोठ्यानं म्हणता ना? मग लेकराचं नाव का पुटपुटता? ज्याची लाज वाटते, त्याच्याकडं एकदा डोळे भरून बघा. लोकांकडं नंतर!

काय गं? पदर सोड, कीर्तन चाललंय. मंडळी, थांबा हं, वाटीवाल्या बाई काहीतरी विचारतायत. अशी कानात नको, बाळा. मोठ्यानं विचार. सगळ्यांना ऐकू दे.

"आई, टिटवीचं बाळ गवतातच राहिलं का?"